शालिकमामांच्या एकोणीस पेट्या

शालिकमामांनी माझ्या देखत एकोणीस पेट्या विकत घेतल्या. त्यांतल्या तीन वाजल्या. तिनांतली एक माझ्या हातून ओट्यावर आपटली म्हणून वाजली, आणि दुसरी का वाजली ते पुढे सांगतो, कारण ते आठवलं की मला अजून कानामागे खाज सुटते. पेटी म्हणजे हार्मोनियम. कपड्यांच्या पेट्या घेतल्या असत्या तर मामांचा संसार सुखाचा झाला असता.

तेव्हा आर्णीत माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं. माझ्याकडे सामान वाहायला छोटा हत्ती टेम्पो होता आणि मामांचं घर माझ्या गोदामाला लागून होतं. एवढ्या दोन गुन्ह्यांची शिक्षा म्हणून मी कित्येक वर्षं दर रविवारी जिल्हाभर पेट्या वाहिल्या. "गजू, तुले वेळ हाये का?" असं मामांनी एकदाही विचारलं नाही. सकाळी आठला धुतलेला पांढरा शर्ट घालून यायचे, गाडीच्या पुढच्या सीटवर बसायचे, काच खाली करायचे आणि म्हणायचे, "चाल गजू, पाह्याले जाऊ."

मुलगी पाहायला जातात ना, तसं.

मामा उंचीनं बेताचे. मिशी अशी की पावसात उभे राहिले तरी खालच्या ओठाला थेंब लागत नसे. कान मात्र पळसाच्या पानाएवढे, आणि त्या कानांची ख्याती दारव्ह्यापर्यंत होती. मामा एसटीत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतरही स्टँडवर चहा पिताना दिग्रसच्या रस्त्यावरून गाडी अजून दिसायचीही नसे, आणि मामा बशी खाली ठेवून म्हणत, "मांगच्या डाव्या चाकाचे दोन नट ढिल्ले झाले. कंडक्टरले सर्दी हाये." गाडी येई. ड्रायव्हर उतरून मागचं डावं चाक पाही. कंडक्टर शिंकत खाली उतरे.

असल्या कानांचा माणूस वाद्य विकत घेताना ते वाजवून पाहायचा नाही. हा त्यांचा नियम होता, आणि नियम मोडण्यापेक्षा ते फसणं पसंत करत. "इंजन वाजवून पाह्यावं गजू, वाद्य नाही. वाद्याले इज्जत असते. परक्याच्या घरी, चार लोकांत, तिले म्हणन का, चाल वाजून दाखव? तिले घरी आनावं, बसू द्यावं, मंग वाजन थे."

हा नियम आला कुठून, ते मला पंचफुलामामींनी सांगितलं. मामी म्हणजे मामांच्या घरधनीण. माहेर नेरकडचं. वडील गायन पार्टीत पेटी वाजवत आणि लेक गात असे. तिचा आवाज असा होता म्हणतात की चौदा एप्रिलला ती गायला उभी राहिली की कापसाच्या गाड्या रस्त्यातच थांबत. बैलच पुढे जायला तयार नसत. तर तिला पाहायला सहा स्थळं येऊन गेली. प्रत्येकानं पोहे खाल्ले आणि प्रत्येकानं म्हटलं, पोरीला गाऊन दाखवायला सांगा. एकानं तर दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, जरा मोठ्यानं. सातवे शालिकमामा. सासऱ्यांनी सवयीनं पेटी पुढे ओढली, भाता उघडला. तर बावीस वर्षांचा हा पोरगा घाबरत घाबरत म्हणाला, "राहू द्या बाबाजी. बाजारात बैलाचे दात पाह्यतात, तसं कायले? तिले वाटन तवा गाईन."

"म्या दाराआडून ऐकलं," मामी म्हणाल्या, "आन् माह्यावालं ठरलं. मिशी त तवा नव्हतीच."

लग्नात मामींनी सोबत आणली ती बापाची पेटी. तिची खूण अशी, की काळ्या पट्ट्यांतली एक तुटली होती, तिच्या जागी बापानं म्हशीच्या शिंगाची पट्टी घासून बसवली होती. आणि भाता उघडला की पहिला सूर निघायच्या आधी पेटी एकदा खोकायची. 'खॉक्'. अगदी म्हाताऱ्यासारखी. त्या खोकल्यावर तीस वर्षं वस्तीतला प्रत्येक कार्यक्रम सुरू झाला.

ती पेटी मामांनी घालवली. तेही प्रेमानं घालवली, हे जास्त वाईट.

झालं असं की मामी लेकीकडे यवतमाळला गेल्या होत्या. दारात एक माणूस आला. सफारी पांढरी, बूट पांढरे, बोलणं लोण्यासारखं. काखेत भला मोठा कीबोर्ड. म्हणाला, आमच्या पार्टीनं नवा घेतला, हा जुना द्यायचाय. ह्यात एकाहत्तर वाद्यं आहेत, सतार आहे, सनई आहे, घोड्याच्या टापासुद्धा आहेत. मामांच्या मनात आलं, भाता मारून मारून पंचफुलेचा डावा खांदा दुखतो. ह्याला भाताच नाही. त्यांनी त्याला जेवू घातलं, त्याच्या लेकराबाळांची चौकशी केली, नियमाप्रमाणे कीबोर्डला बोट लावलं नाही, आणि अदलाबदलीत मामींची पेटी त्याच्या गाडीला बांधून दिली. दोरीसुद्धा माझ्याच गोदामातली.

मामी आल्या. मामांनी थाटात बटण दाबलं. कीबोर्डमध्ये एकच गाणं होतं, वाढदिवसाचं, इंग्रजी. कोणतीही पट्टी दाबा, तेच. काळी दाबा, जरा उदास, पण तेच. बंद केला तरी गाणं पुरं करूनच थांबे. मामांनी सेल काढले, तरी त्यानं जाता जाता एकदा म्हटलं.

मामी ओरडल्या नाहीत. हातपाय धुतले, चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "माह्या बापाची पेटी ज्या दिवशी ह्या घरात येईन, त्या दिवशी गाईन. तोवर नाही."

आणि खरंच नाही. बोलत भरपूर, पण सुरात एक अक्षर नाही. नातवाला झोपवताना झोका देत स्टँडवरच्या माइकसारखं म्हणत, "झोप. बाळानं झोपून घ्यावं. बाळाच्या आईनं इकडे लक्ष देऊ नये." जयंतीला मंडळाची माणसं विनवायला आली, मोठमोठे लोक येऊन बसले, मामींनी सगळ्यांना चहा दिला आणि गाणं नाही. वस्तीनं मामांशी बोलणं तोडलं नाही, पण त्यांच्या चहात साखर कमी पडू लागली. न्हावीसुद्धा त्यांची मिशी एका बाजूनं कमी करू लागला.

मामांना साखरेचं काही नव्हतं. पण घरात एक आवाज असायचा, तो आता नव्हता, आणि इतक्या मोठ्या कानांना ती शांतता केवढी लागत असेल. म्हणून त्यांनी ठरवलं की पेटी गेली तर जिल्ह्यातच कुठेतरी गेली असणार. मोबाइलवर जुन्या वस्तूंचे जेवढे ग्रुप होते, सगळ्यांत ते घुसले. 'जुनी पेटी विकणे आहे' असं कोणी टाकलं, की फोटोवर बोट फिरवत बसायचे. फोटोत काळ्या पट्ट्या सगळ्या काळ्याच दिसतात. शिंगाची कोणती, हे कसं कळणार? "जाऊन पाह्याले पाह्यजे," असं म्हणत ते रविवारी आठ वाजता माझ्या गाडीत हजर.

आता एका पाहण्याचं वर्णन करतो, म्हणजे बाकीची अठरा सांगायला नकोत. घाटंजीकडच्या एका गावात निवृत्त ग्रामसेवकाची पेटी होती. आम्ही गेलो. पोहे आले. पेटी कोपऱ्यात, वर शाल पांघरलेली. मामा तिच्याकडे सरळ पाहत नव्हते, कडेनं पाहत होते.

"तब्येत कशी असते?" मामांनी विचारलं.

"कोनाची? माह्यी? गुडघे..."

"पेटीची."

"बरी असते."

"उन्हाळ्यात त्रास? घरात कोनाशी पटत नव्हतं का? काहून देऊन राह्यले?"

ग्रामसेवक माझ्याकडे पाहू लागला. मी पोहे खात होतो. तो म्हणाला, "वाजवून पाह्या ना."

"छे छे!" मामा उठून उभेच राहिले. "असं कसं!"

पेटी घेतली, गाडीत ठेवली, मामा मागे तिच्याजवळ बसले. अर्ध्या वाटेत त्यांनी काचेवर जोरजोरात थापा मारल्या. मी गाडी थांबवली. मामांच्या डोळ्यांत पाणी.

"गजू, आयक. भाता बंद हाये. मी हात लावला नाही. तरी सूर धरून राह्यली."

मी कान लावला. खरंच. आतून बारीक, सलग, न थांबणारा सूर. मामा म्हणाले, "अशी पेटी मी जिंदगीत पाह्यली नाही. इले मनापासून वाटून राह्यलं." आणि आनंदाच्या भरात त्यांनी भाता उघडला.

आत मधमाश्या होत्या. पुरं मोहोळ. त्या दिवशी आम्ही दोघं रस्त्यानं जे पळालो, ते पाहून समोरून येणाऱ्या वरातीतला बँडवाला ट्रम्पेट टाकून पळाला. ट्रम्पेटही मामांनी नंतर विकत घेतला. त्यातून फुंक जायची, आवाज यायचा नाही. कान सुजून माझेही मामांएवढे झाले. मामी औषध लावताना एवढंच म्हणाल्या, "एकदा वाजवून पाह्यली असती त..." आणि मध्येच थांबल्या. पुढचं त्यांना म्हणता येत नव्हतं. ज्या नियमापायी रोज नुकसान होत होतं, त्याच नियमापायी त्यांनी हा नवरा केला होता.

नेरच्या दोन भावांची पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची, टेबलाएवढी मोठी, ही तर माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे; कोणाला खोटं वाटलं तर त्यानं नेरला जाऊन भिंत मोजावी. थोरल्या भावानं फोटो टाकला तो अर्ध्याच पेटीचा. मामांना वाटलं, मोबाइलमध्ये मावली नसेल. गेलो, पोहे झाले, चौकशी झाली, व्यवहार झाला. उचलायला गेलो तर हलेना. भावांची वाटणी झाली तेव्हा मधली भिंत पायपेटी न हलवता तिच्यावरूनच बांधली होती. खर्जाच्या पट्ट्या आणि पाय मारायची फळी थोरल्याच्या खोलीत, वरचे सूर धाकट्याच्या. दोघं बारा वर्षं बोलत नव्हते. भिंतीपलीकडून धाकटा ओरडला, "माह्या सुरांले हात लावाचा नाही!" थोरला ओरडला, "फळी माह्यी हाये, फुंक माह्यी हाये, तुह्ये सूर काय चाटाचे हायेत?" तिथून जी बाचाबाची सुरू झाली, ती थेट लहानपणीच्या बोरांवर गेली, मग आईवर, मग दोघं भिंतीला डोकं लावून रडू लागले. मामा हळूच उठले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, पेटी?" तर म्हणाले, "वाजली ना लेका. आनखी कशी वाजाची रायते?"

ही तिसरी.

बाकीच्या सोळा तेव्हा तरी वाजल्या नाहीत. एकीत उंदराची तीन पिढ्यांची वस्ती. एकीत सूरपट्ट्यांच्या जागी ब्लेडची पाती. एक केळापूरची, पिस्त्यासारखी हिरवी, दाट तेलरंगानं वरपासून खालपर्यंत, पट्ट्यांसकट रंगवलेली. भाता कुरतडलेला, आवाज म्हणून नाही. मामांनी ती घेतली, कारण विकणाऱ्याची आई आंबील फार छान करायची. घरी आणून भाता मारला, हूं की चूं नाही. "मुकी निंगाली," मामा म्हणाले. "आन् हिरवी. माह्या सासऱ्याची पेटी हिरवी कशी असन?" मामींनी ती स्वयंपाकघरात लसणासाठी ठेवून घेतली. त्यांच्या घरात तेव्हा लसूण एका पेटीत, पापड दुसऱ्या पेटीत, आणि दोन पेट्यांवर पाट टाकून पाहुणे बसायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी मामांनी माझी गाडी सोडली. म्हणाले, आता लहान वाद्यंच पाहतो, डफ, बासरी, खंजिरी; मोपेडवर भागते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रविवारी आठ वाजले की मी पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहत बसायचो.

अशाच एका रविवारी, भर दुपारी, मी गोदामात गाद्या मोजत होतो. वस्ती बाजाराला गेलेली. आणि भिंतीपलीकडून आवाज आला. खॉक्. मग सूर. मग मामींचा आवाज.

काय सांगू. मी वीस वर्षं लग्नांत लाउडस्पीकर लावले, पण माझ्या हातातली गादी खाली पडायला निघाली होती, ती गाणं संपेपर्यंत हवेत थांबली.

मी धावत गेलो. स्वयंपाकघरात मामी बसल्या होत्या, पुढे हिरवी पेटी. लसूण ताटात काढून ठेवलेला. एका पट्टीवरचा रंग राकेलनं पुसलेला आणि खालून म्हशीचं शिंग चमकत होतं. भात्याला सायकलच्या ट्यूबचे तुकडे डकवलेले.

"मामी! हे त तुमचीच! कदी कळलं?"

"ज्या दिवशी आली त्याच दिवशी. लसूण ठेवाले उघडली, त बापाचा वास आला."

"मामाले सांगतलं नाही?"

"नाही. अन् तूबी सांगाचं नाही." मामींनी पदर खोचला. "पेटी घरात येईन त्या दिवशी गाईन म्हणलतं, त्याच दिवशी गायली. थे घरी नव्हते, त म्या काय करू? तवा मले न ऐकता वळखलं होतं ना त्यायनं? आता बी वळखू दे. दिग्रसच्या गाडीचा नट वळखू येते, अन् माह्या बापाची पेटी हातानं उचलून आनली, थे वळखू येत नाही?"

शपथ घातली मला. मी घेतली. आणि मला मामांची अशी कीव आली की पुढचे कित्येक रविवार त्यांच्या नजरेला नजर देईना. बिचारा म्हातारा उन्हातान्हात फुटक्या बासऱ्यांमागे हिंडतोय, आणि पेटी घरात, गाणं घरात!

गेल्या वर्षी मी दुकान पांढरकवड्याला हलवलं. शेवटची खेप न्यायची म्हणून रविवारी दुपारी गोदामावर गेलो. बांबू मागच्या बाजूला रचून ठेवले होते. मी तिकडे वळलो आणि थबकलो. मामांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून, माझ्याच बांबूंवर, शालिकमामा बसले होते. मोपेड स्टँडवर, बंद. मांडीवर फाटका डफ. डोळे मिटलेले. आतून मामींचं गाणं चालू होतं.

मी तोंड उघडलं तर त्यांनी डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. माझ्या पायाचा आवाज त्यांनी फाटकातच ओळखला असणार. मी शेजारी बसलो. गाणं संपलं, मामी पाणी प्यायला उठल्याचा आवाज आला, तेव्हा मी कुजबुजलो, "कदीपासून?"

"दोन वर्सं होतीन. तुह्यी गाडी लग्नाले गेली होती म्हणून मोपेडवर निंगालो, चष्मा घरी राह्यला, अर्ध्यातून आलो. मोपेडचं पेट्रोल संपलं होतं म्हणून ढकलत आनली, नाहीत तिले आवाज गेला असता." मामांनी मिशीवरून हात फिरवला. "भाता उघडला, अन् माह्या सासऱ्यानं खोकललं."

"मंग आत काहून नाही गेले? मामी वाट पाहून राह्यल्या तुमी वळखाची!"

"मले मालूम हाये."

"मंग?"

"गजू, मी वळखलं म्हणून सांगतलं, त थे माह्या समोर बसन. मी समोर बसीन. म्हणन, गाऊ का?" मामांनी डफ उलटा केला, सुलटा केला. "म्हणजे पाह्याले आल्यावानीच झालं ना. आता तिले वाटते तवा गाते थे. मी मोठा दूर गेलो असं समजून गाते. असं खुल्लं गानं समोर बसून आयकाले भेटत नाही."

"अन् हे डफ, हे बासऱ्या?"

"हात हालवत घरी जाऊ का? एवढ्या रविवारी निंगून काहीच फसलो नाही, असं पाह्यलं त संशय येईन ना तिले. हा डफ भंगारवाल्याजोळून घेतला. वाजत नाही ना, पाह्यलं तू? मी नाही वाजवून पाह्यला."

आत पुन्हा खॉक् झालं. मामांनी डोळे मिटले. त्या दोन पळसपानांएवढ्या कानांवर दुपारचं ऊन पडून ते लाल झाले होते. मी बांबू तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी नेले.

तीन गाणी झाली. पेटीचं झाकण लागलं, लसूण परत आत पडल्याचा आवाज आला. मामांनी मनाशी शंभर आकडे मोजले, उठले, मोपेड न सुरू करता ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. तिथं ती सुरू झाली, आणि भोंगा वाजवत, धूळ उडवत, पांढरकवड्याहून आल्यासारखे घामाघूम होऊन ते दारात आले. डफ डोक्यावर धरून ओरडले, "पंचफुले! आज बी फसलो!"

"तुमी त फसतच राह्यता!" आतून मामी म्हणाल्या. "आना इकडं, काय आनलं पाहू."

सुरातच म्हणाल्या. त्यांच्या लक्षात आलं नाही. मामांच्या आलं, दारात चप्पल काढायला वाकलेले ते तसेच वाकून राहिले, आणि चप्पल निघाली तरी बराच वेळ काढत बसले.